दात, दाँत आणि टूथ

'दात' आणि 'टूथ' हे एकाच शब्दाचे वंशज आहेत, हे पटते का? संस्कृत 'दन्त', लिथुआनियन 'दान्तिस', फारसी 'दंदान' यांचे साम्य लगेच दिसते. 'टूथ' मात्र परका वाटतो. त्याचे नाते दोन नियमांनी कळते.

पहिला नियम 'द'चा. जर्मन विद्वान याकोब ग्रिम यांनी १८२२ साली मांडले की मूळ 'द' जर्मानिक भाषांत 'ट' झाला. म्हणून आपले 'दोन' इंग्रजीत 'टू' आणि 'दहा' 'टेन'. दाताला डच आणि स्वीडिश लोक 'टांड' लिहितात. जर्मन भाषा आणखी एक पाऊल पुढे गेली. तिने 'ट'चा 'त्स' केला, म्हणजे 'चाक' मधल्या 'च'सारखा उच्चार. तिथे दोन म्हणजे 'त्स्वाय', दहा म्हणजे 'त्सेन' आणि दात म्हणजे 'त्सान'. मग 'डेंटिस्ट' मध्ये 'ड' कसा? तो शब्द लॅटिन घराण्यातला. इंग्रजीने तो फ्रेंचकडून उसना घेतला, म्हणून त्याला हा नियम लागला नाही.

दुसरा नियम 'न'चा. इंग्रजीत 'थ', 'फ', 'स' यांच्या आधीचा 'न' गळाला आणि मागचा स्वर लांबला. जर्मन पाच म्हणजे 'फ्युन्फ', इंग्रजी 'फाइव्ह'. 'त्सान' मध्ये 'न' आहे, 'टूथ' मध्ये नाही.

आता घरी या. 'दन्त'चा झाला 'दांत', मग 'दात'. 'पञ्च'चा 'पांच', मग 'पाच'. इथेही स्वर लांबला आणि 'न' गेला! इंग्रजी आणि मराठी या वाटेने स्वतंत्रपणे गेल्या. कोणी कोणाची नक्कल केली नाही.

माझे घर वाराणसीत ब्रह्माघाटाजवळ आहे. तिथे बरीच मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. गल्लीत 'दाँत', 'पाँच' ऐकतच मी वाढलो, त्यामुळे माझ्या मराठीतही नाकातला सूर येतो. वसतिगृहात मुले हसतात, "नीट 'पाच' म्हण!" म्हणतात. त्यांना मी एकच सांगतो, १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचे एखादे मराठी पुस्तक उघडा. त्यात 'दांत', 'पांच' असेच छापलेले दिसेल. उच्चारात न उरलेले हे अनुस्वार त्या नियमांनी काढून टाकले. माझा सूर शेजारच्या हिंदीचा असेल, पण मराठीला तो परका नाही. ज्या पायरीवरून मराठी पुढे आली, तिथेच हिंदी अजून उभी आहे. पायरी मागची असली म्हणून ती चुकीची ठरत नाही.

स्वतः करून पाहा: हिंदी 'काँटा' आणि 'आँत' यांचे मराठी भाऊ शोधा. मग सांगा, 'दात' मधला 'न' गेला, पण 'बांधणे' मधला का राहिला? गळ्यावर बोट ठेवून आधी 'त' आणि मग 'ध' म्हणा. कोणत्या अक्षराला गळा आधी थरथरतो, त्यातच उत्तर आहे.

— छात्र, इयत्ता दहावी