आधी नक्कल, मग हुकूम

अमळनेर,
मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १९४७

चि. छकुली,

परवा धुळ्यास लग्नात तुझा मावसभाऊ भेटला आणि पंगतीत पानावर बसल्याबसल्या त्याने जी वार्ता माझ्या कानी घातली, तिच्यानंतर मला पुढचा घास गोड लागला नाही. त्याचे म्हणणे असे की, तू जुन्या लॅपटॉपवरील विंडोज काढून त्या जागी लिनक्स बसवण्याचा घाट घातला आहेस. कोणा अनोळखी इसमाने लिहून दिलेली एक आज्ञा, तिचा अर्थ समजून न घेता, त्या यंत्राला दिलीस. त्यानंतर ते धड सुरू होईना. आणि आता 'हे आपले काम नव्हे' असे म्हणून सबंध डिस्क कोरी करून ते यंत्रच विकून टाकण्याच्या विचारात तू आहेस. यातले खरे किती आणि त्याच्या पदरचे किती, हे मला ठाऊक नाही. राईचा पर्वत करण्याची त्याची खोड तू जाणतेसच. पण काल फोन केला तो तू उचलला नाहीस, आणि रात्रभर माझ्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला. तो आधी विचारतो, मग बाकीचे लिहितो. त्या यंत्रात तुझ्या आईने ध्वनिमुद्रित केलेली कानबाईची गाणी आहेत. त्यांची दुसरी प्रत कोठे काढून ठेवली आहेस काय?

ताईने ती गाणी कशी गोळा केली हे तुला पुरते ठाऊक नसेल, कारण तेव्हा तू वसतिगृहात होतीस. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना झाली की गल्लीतल्या बायका रात्री तुमच्या ओट्यावर जमत, आणि ज्यांना अक्षरओळखही नव्हती अशा वृद्धांच्या तोंडून अहिराणीतली ती लांबच लांब गाणी ताई याच लॅपटॉपवर उतरवून घेत असे. कोणी मध्येच अडखळली तर स्वतः आवाज लावून ओळ पुरी करी. त्यांतल्या कित्येकजणी आज नाहीत. ताईही नाही. तिच्या आवाजाचे या घरात जे काही उरले आहे, ते त्या एका डिस्कवर आहे. माझ्यापाशी प्रत नाही, तुझ्या मावशीपाशी नाही. म्हणून पुन्हा विचारतो, प्रत काढलीस काय?

तू लिनक्सकडे वळलीस याचा मला राग आलेला नाही, हे प्रथम स्पष्ट करतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बराच अलीकडचा प्रोसेसर लागतो, आणि तुझ्या आईच्या यंत्रात यांपैकी काही नाही, हे सर्व खरे आहे. परंतु यंत्र धडधाकट असून केवळ नव्या नियमात बसत नाही म्हणून ते भंगारात घालावे, हे माझ्या बुद्धीला पटत नाही, आणि तुलाही पटले नाही याचा मला अभिमान वाटतो. लिनक्स ही काही चार हौशी लोकांची लहर नव्हे. आपल्या सी-डॅकने २००७ साली डेबियनच्या पायावर उभारलेली 'बॉस' नावाची प्रणाली प्रसृत केली, आणि केरळातील सरकारी शाळांतली मुले तर वर्षानुवर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आली आहेत.

आणि अमळनेरच्या मुलीने 'हे आपले काम नव्हे' म्हणावे? याच गावात २९ डिसेंबर १९४५ रोजी स्थापन झालेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या कंपनीचा तेव्हाचा माल म्हणजे वनस्पती तूप आणि कपड्यांचा साबण. १९६६ साली, तिचे संस्थापक असलेले वडील वारले म्हणून अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून परत आले, तेव्हा त्यांचे वय २१ होते. पुढे १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला कारभार आवरता घेतला आणि त्यानंतरच्या काळात या तेल-तुपाच्या कंपनीने, म्हणजे आजच्या विप्रोने, संगणक बनवण्याच्या कामात हात घातला. त्या विद्येत तेव्हा तीही नवशिकीच होती. विप्रोचे शेअर जपून ठेवणाऱ्या गावच्या मंडळींच्या गोष्टी तू लहानपणापासून ऐकल्या आहेस, पण त्या सांगताना लोक रकमेचा आकडा तेवढा सांगतात आणि ही शिकण्याची बाजू वगळतात, याचे मला नेहमीच वैषम्य वाटत आले आहे. लिनक्सची जन्मकथा तरी काय निराळी आहे? १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने हौसेखातर तिचा गाभा लिहावयास घेतला. १९६९ पासून चालत आलेल्या युनिक्सचा नमुना त्याच्यासमोर होता, आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पाची अवजारे हाताशी होती. तुझे वय आज तेवढेच आहे.

माझा राग आहे तो अर्थ न कळता आज्ञा दिलीस, याचा. मावसभाऊ सांगतो की त्या ओळीच्या आरंभी 'सुडो' हा शब्द होता, यंत्राने पासवर्ड मागितला, आणि तो तू निमूटपणे दिलास. छकुली, 'सुडो' म्हणजे काय, हे कोणालाच विचारावेसे वाटले नाही काय? लिनक्समध्ये तुझ्या नावाचे जे खाते असते, त्याचा अधिकार मुख्यत्वे तुझ्या 'होम' फोल्डरपुरता असतो. सबंध यंत्राची मालकी 'रूट' नावाच्या खात्याकडे असते, आणि 'सुडो' लिहून दिलेली आज्ञा त्या रूटच्या अधिकाराने बजावली जाते. आमच्या कचेरीत शिपायापासून अव्वल कारकुनापर्यंत प्रत्येकाच्या अधिकाराची शीव ठरलेली असे आणि मामलेदारांचा शिक्का कुलपात असे. परक्या माणसाने आणून दिलेल्या कागदावर, तो न वाचता, तो शिक्का उठवण्याची कल्पनाही आम्हांला सहन झाली नसती. तू नेमके तेच केलेस. 'खरोखर करू काय?' असे लिनक्स प्रत्येक वेळी विचारीत बसत नाही. 'आरएम' या आज्ञेने पुसलेली फाइल कचरापेटीत जाऊन पडत नाही, ती थेट जाते. नवी प्रणाली बसवताना जो पडदा येतो, त्यावर ती जुन्या प्रणालीच्या शेजारी बसवण्याचा पर्याय बहुधा असतो आणि सबंध डिस्क पुसून बसवण्याचाही असतो. हे दोन्ही पर्याय जवळजवळ असतात, आणि घाईत असलेल्या माणसाला त्यांतला फरक उमगत नाही. ताईची गाणी राहतील की जातील हे त्या फरकावर अवलंबून होते, एवढे तरी तू ध्यानात घ्यावयास हवे होते.

दप्तरखान्यात माझे उभे आयुष्य गेले. तेथली शिस्त अशी की अस्सल कागद रुमालातून बाहेर जावयाचा नाही; ज्याला हवी त्याने नक्कल न्यावी, आणि नक्कल अस्सलाशी ताडून पाहिल्याशिवाय तिच्यावर सही व्हावयाची नाही. डिस्क अजून शाबूत असेल तर तू आता एवढेच कर. पुढची एकही आज्ञा त्या यंत्राला देऊ नकोस. मैत्रिणीच्या संगणकावर लिनक्स एका पेन ड्राइव्हवर उतरवून घे, त्या पेन ड्राइव्हवरूनच लॅपटॉप सुरू कर, आणि 'इन्स्टॉल' न निवडता 'ट्राय' निवड. असे केले असता नवी प्रणाली यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत चालते, आतल्या डिस्कवर आपण होऊन काही लिहीत नाही, आणि जुन्या विंडोजचे फोल्डर बहुधा त्यातून उघडून पाहता येतात. तेथून गाणी, छायाचित्रे, ताईच्या वह्यांचे फोटो, जे असेल ते सर्व बाहेरच्या हार्डडिस्कवर घे. मग ती हार्डडिस्क दुसऱ्या संगणकाला लावून प्रत्येक गाणे अखेरपर्यंत वाजते की नाही, हे कानांनी ऐक. फाइलींची नावे दिसली एवढ्यावर समाधान मानू नकोस.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण तिच्यापायी पुष्कळांचे नुकसान झालेले मी पाहिले आहे. ताईने काही गाण्यांचे शब्द टंकित करून ठेवले आहेत ते जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये. तो फॉन्ट नव्या प्रणालीत नसेल, तर फाइल उघडल्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता गोंधळ दिसेल. फाइल बिघडली असे समजून ती पुसू नकोस. विंडोजच्या 'फॉन्ट्स' फोल्डरातून तो फॉन्ट उचलून नव्या प्रणालीत बसवलास की शब्द वाचता येतील. युनिकोडमध्ये रूपांतर नंतर सावकाश करता येईल.

मामा तीच गोष्ट उगाळतो, असे तुला वाटेल. उगाळतो खरा, आणि त्याचे कारण आजवर कोणाला सांगितले नाही ते तुला सांगतो. मी नोकरीवर रुजू झालो तेव्हा कचेरीत मोडी जाणणारे एक वृद्ध कारकून होते. मोडी शाळांतून केव्हाच हद्दपार झाली होती, आम्हां तरुणांपैकी कोणालाही ती येत नव्हती, आणि हे गृहस्थ मात्र जुन्या रुमालांतले कागद घडाघडा वाचीत. कचेरी सुटल्यावर बसत जा, शिकवतो, असे ते मला आपण होऊन म्हणाले. मी बसलो नाही. पदवी घेऊन आलेल्या मनुष्याने पुन्हा अक्षरे गिरवावीत, आणि तीही बरोबरीच्या कारकुनांच्या देखत, याची मला लाज वाटली. ते सेवानिवृत्त झाले, पुढे वारले, आणि तुझ्या पणजोबांच्या जमिनीचे मोडी कागद आपल्याच घरच्या ट्रंकेत असून ते मला आजही वाचता येत नाहीत. २०१४ मध्ये मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले, ही वार्ता वाचून आनंद झाला, आणि त्या आनंदाबरोबर ती जुनी सलही वर आली. सेवानिवृत्तीनंतर शेजारच्या मुलाकडून मी लिनक्स शिकलो ते या सलीपोटीच. तो माझ्या नातवाच्या वयाचा, पण या खेपेस मी लाज धरली नाही.

म्हणून यंत्र बिघडल्याचे मला फारसे लागले नाही. तू कोणालाच विचारले नाहीस, हे लागले. आरंभी सगळेच परके वाटते. सी आणि डी अशी ओळखीची नावे नसतात, सर्व फोल्डर एका तिरप्या रेघेपासून सुरू होतात, आणि रोमन लिपीतले मोठे अक्षर व लहान अक्षर भिन्न मानले जाते. टर्मिनलमध्ये पासवर्ड लिहिताना बहुधा पडद्यावर काहीच उमटत नाही आणि कळफलक बिघडला असे वाटते; मलाही वाटले होते. 'पीडब्ल्यूडी' लिहून आपण कोठे आहोत ते पाहा, 'एलएस' लिहून तेथे काय आहे ते पाहा, 'सीडी' लिहून दुसऱ्या फोल्डरात जा आणि परत ये. या तिहींनी काही पुसले जात नाही. अनोळखी आज्ञा दिसली तर तिच्याआधी 'मॅन' लिही, म्हणजे तिची माहिती पडद्यावर उघडेल. ती इंग्रजीत असते आणि रूक्ष असते, परंतु ही आज्ञा नुसती दाखवणारी की पुसणारी, एवढे तीतून कळते. ते कळेपर्यंत हात आवर. प्रोग्रॅम हवे असतील तर प्रणालीच्या स्वतःच्या भांडारातून घे. मराठीसाठी सेटिंगमध्ये इन्स्क्रिप्ट कळफलक मिळेल. ताईची बोटे त्याच्यावर किती चपळ चालत, हे तू पाहिले आहेस.

येथवर लिहिले, पण मनातली खरी भीती अजून लिहिली नाही. कदाचित डिस्क आधीच कोरी झाली असेल, आणि म्हणूनच तू फोन उचलत नसशील. तसे असेल तर ऐक. यंत्र बंद कर आणि बंदच ठेव. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर, पुसलेल्या मजकुराच्या जागी नवे काही लिहिले गेले नसेल तर तो पुष्कळदा परत मिळवता येतो. पुण्यात हे काम करणारे जाणकार आहेत, त्याची तजवीज मी करतो, खर्चाचा शब्दही काढू नकोस. आणि नाहीच मिळाली गाणी, तर या घरात तुला कोणी एक अक्षर बोलणार नाही. ताई असती तर तिने आधी तू जेवलीस का, झोपलीस का, हे विचारले असते आणि गाण्यांचे मागाहून. मी मात्र पत्रभर गाण्यांचेच विचारीत राहिलो. दोन रात्री तू रडत होतीस, असेही मावसभाऊ म्हणाला. ते ऐकून तुझ्या मामीने डोळ्यांना पदर लावला.

तुझ्या मावशीला त्यांतली बरीच गाणी येतात. मला चाली आठवतात, शब्द कमी. गल्लीतल्या दोघीतिघी अजून आहेत. येत्या श्रावणात त्यांना बोलावू आणि पुन्हा ध्वनिमुद्रित करू. ताईचा आवाज त्यांत नसेल, पण लहानपणी तिच्या मांडीवर बसून तू काही ओळी बोबड्या बोलांत म्हणत असस, त्या तू म्हण.

हे पत्र पुण्यास निघालेल्या शेजाऱ्यांच्या हाती देत आहे. बाहेरची हार्डडिस्कही त्यांच्याबरोबर पाठवली आहे, ती वापर. उद्या चंपाषष्ठी आहे, पण तू आल्यावर भरीत आणि कळण्याची भाकरी पुन्हा करीन, असे मामी सांगते. शनिवारी निघ. लॅपटॉप असेल त्या स्थितीत बरोबर आण. धुळ्यापर्यंत बसने ये, कितीही रात्र झाली तरी स्थानकावर मी असेन. आणि त्याआधी फोन कर. मी झोपलो असेन, असा विचार करू नकोस.

तुझा,
मामा