धागा विस्तवाजवळ कसा वागतो?

घरातली कपड्यांची दोरी एकदा नीट पाहा. दोरीवर धोतर आहे, लुगडे आहे. मुलीचा झुळझुळीत फ्रॉक आहे. मुलाची पँट आहे. खाली सिमेंटच्या पोत्याचे बसकर अंथरले आहे. हे सारे धाग्यांनीच विणलेले. पण सारे धागे एका जातीचे नाहीत. डोळ्यांना ही जात कळत नाही. हातालाही दर वेळी कळत नाही. विस्तवाला मात्र ती चटकन कळते.

ही ओळख आपल्याला तीन ठिकाणी उपयोगी पडते. बाजारात फसगत टळते. हातांना नवे काम मिळते. आणि चुलीपुढे बसणाऱ्या बाईचा जीव वाचतो. म्हणून आम्ही गावात कापडाचा एक दिवसाचा वर्ग घेतो. त्या वर्गात काय करतात, ते या पाठात सांगतो. तुम्हीही चारचौघी मिळून असा वर्ग घ्या.

१. वर्गाची तयारी

सामान थोडेच लागते. एक दिवा, एक लोखंडी चिमटा, वाळू पसरलेली ताटली, पाण्याची भरलेली बादली, इस्त्री, कापडाच्या चिंध्या आणि एक वही.

जागा उघडी असावी, पण वाऱ्याचा आडोसा असावा. पदर खोचून घ्यावा. केस बांधावे. लहान मुलांना दूर बसवावे. बादली भरल्याशिवाय दिवा लावू नये. हा पहिला नियम.

शिकवणाऱ्याने आधी उत्तर सांगू नये. चिंधी सगळ्यांच्या हातून फिरवावी. "हे काय आहे?" असे विचारावे. प्रत्येकीने आपला अंदाज सांगावा. मग विस्तवाला विचारावे. करून पाहिलेले विसरत नाही.

२. दिव्यापुढे धागा

चिंधीतून चार-पाच धागे काढा. त्यांना पीळ द्या. चिमट्यात धरून टोक ज्योतीजवळ न्या. खाली वाळूची ताटली असू द्या. आता चार गोष्टी पाहा: धागा कसा पेटतो, वास कसला येतो, ज्योतीतून काढल्यावर काय होते, आणि मागे काय उरते.

सुती धागा झटकन पेटतो. ज्योत पिवळी असते. कागद जळाल्यासारखा वास येतो. ज्योतीतून काढला तरी तो जळत, धुमसत राहतो. मागे मऊ करडी राख उरते. फुंकली की उडते.

घोंगडीचा लोकरी धागा आकसतो आणि हळू जळतो. केस जळाल्यासारखा वास येतो. ज्योतीतून काढला की बहुधा आपोआप विझतो. मागे काळी गाठ राहते. गार झाल्यावर ती चिमटीत चुरडली की तिचा भुगा होतो. रेशमाचा धागाही असाच वागतो.

पॉलिएस्टरचा धागा ज्योतीपासून मागे सरतो. आकसतो आणि वितळतो. पेटलाच तर काळा धूर निघतो. थेंब खाली पडतो. गार झाल्यावर त्याचा टणक मणी होतो. हा मणी बोटांनी चुरडत नाही. तो गरम असताना मात्र चुकूनही हात लावू नका. कातडीला चिकटतो.

प्रत्येक धाग्याचा तुकडा वहीत चिकटवा. शेजारी त्याचे नाव आपल्या हाताने लिहा. खाली एक ओळ लिहा: "केसासारखा वास. गाठ चुरडते." अशी ही तुमची नमुनावही झाली.

३. असे का होते?

कापूस झाडाचा. लाकूड झाडाचे. बहुतेक कागदही झाडापासूनच. तिघांचा मूळ पदार्थ एकच आहे. म्हणून सुताला कागदाचा वास येतो. कापूस वितळत नाही. तो सरळ जळतो.

लोकर मेंढीच्या अंगावरची. रेशीम किड्याच्या तोंडातून निघालेले. दोन्ही जीवाच्या अंगातून झालेले पदार्थ. आपले केस आणि नखे याच जातीची. म्हणून वास केसाचा.

पॉलिएस्टर ना शेतात पिकते, ना अंगावर वाढते. जमिनीतून काढलेल्या खनिज तेलापासून ते कारखान्यात करतात. त्याचा शोध इंग्लंडात १९४१ साली लागला. टेरिलीन हे त्याचेच एक नाव. रस करून बारीक भोकांतून काढला की त्याचा धागा होतो. जो धागा रसापासून झाला, तो तापला की पुन्हा रस होतो. साधारण २५० ते २६० अंश उष्णतेला तो वितळतो. पाणी १०० अंशांना उकळते, यावरून अंदाज करा.

आता दोन अडचणी. पहिली रेयॉनची. रेयॉन रेशमासारखा चमकतो, पण तो लाकडाच्या लगद्यापासून करतात. म्हणून त्याला वास कागदाचा येतो. चमक पाहून फसू नका. दुसरी अडचण मिश्र कापडाची. टेरिकॉटमध्ये सूत आणि पॉलिएस्टर एकत्र असतात. त्यात राखही दिसते आणि टणक कणही राहतात. अशा वेळी उभा धागा आणि आडवा धागा निरनिराळे काढून पाहावे.

४. आपल्या रानातले रेशीम

आपला कोरपना तालुका कापसाचा. पण आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेकडे नागभीडला आणि वैनगंगेपलीकडे आरमोरीला टसर रेशमाचे काम आहे. ऐन आणि अर्जुन या झाडांची पाने खाऊन टसरचा किडा वाढतो. मग तो स्वतःभोवती कोश विणतो. हे किडे रानात राखण्याचे काम ढीवर समाजातील लोक पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. पाखरांपासून, मुंग्यांपासून त्यांना जपावे लागते.

टसरचा कोश सुपारीसारखा कडक असतो. त्याचा धागा नुसता ओढून निघत नाही. किड्याने तो डिंकासारख्या पदार्थाने पक्का चिकटवलेला असतो. तेथे उष्णताच कामी येते. कोश सोड्याच्या पाण्यात उकळतात. चिकटा सुटतो आणि धागा मोकळा होतो. पाहा, ज्या उष्णतेने पॉलिएस्टर बिघडते, त्याच उष्णतेवाचून टसर निघत नाही. मात्र टसरला ती पाण्यातून, बेताने द्यायची असते.

पूर्वी बाया हा धागा उघड्या मांडीवर पीळ देऊन काढीत. मांडीचे कातडे सोलून निघे. हा त्रास जावा म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचे यंत्र पुढे आणले. त्यावर बाई खुर्चीवर बसून धागा काढते.

या धाग्याची विदर्भातली नामांकित साडी म्हणजे करवतकाठी. अंगाला टसर आणि काठाला सूत. काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. ती विणताना कोष्टी तीन धोटे चालवतात. म्हणजे दोन जातींचे धागे एका कापडात कसे नांदवावे, हे आपल्या भागातल्या विणकरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अशी साडी इस्त्री करायची तर टसरचा विचार आधी करावा लागतो, सुताचा मागून. नाजूक धागा जेवढी उष्णता सोसेल तेवढीच सगळ्या साडीला.

वर्गात कोणी विचारते, "गुरुजी, दुकानदार टसर म्हणून देतो, ते खरे कसे समजावे जी?" पदराच्या टोकाचे दोन धागे मागून घ्या आणि जाळून पाहा. टणक मणी झाला तर ते रेशीम नव्हे. कागदाचा वास आला तरी नव्हे. 'सिल्क मार्क' अशी चिठ्ठी आहे का, तेही पाहा. ही खूण केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली सुरू झाली. आता तुम्हाला वाचता येते. कापडावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

५. पोते आणि लुगडे

गडचांदूर, आवारपूर या बाजूला सिमेंटचे कारखाने आहेत. म्हणून रिकामी पोती आपल्याकडे पुष्कळ. हे पोते पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचे विणलेले असते. ते साधारण १६५ अंशांना वितळते. वर्गात आम्ही याचाच उपयोग करतो.

पोते आधी घराबाहेर झटका आणि भरपूर पाण्याने धुवा. ओले सिमेंट कातडी खाते, डोळ्यांत गेले तर फार वाईट. धुऊन वाळले की हातभर तुकडा कापा. त्यावर जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या आवडीप्रमाणे मांडा. पाने, मोर, डोंगर, जे सुचेल ते. वर पोत्याची पातळ पट्टी ठेवा. खाली आणि वर कोरा कागद घाला. मग इस्त्री हळूच टेकवा आणि उचला.

इस्त्रीवर आणि कपड्याच्या चिठ्ठीवर ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे सुमारे ११० अंश, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. दोन ठिपक्यांपासून सुरुवात करा. प्लास्टिक मऊ होऊन आकसते. चिकटले नाही तर उष्णता किंचित वाढवा. प्लास्टिक सुतात शिरते आणि गार झाल्यावर दोन्ही घट्ट बसतात. कडेने गोधडीसारखे टाके घाला. बाजाराच्या पिशवीचा तळ किंवा भिंतीवरचे चित्र तयार होते. कोणाचा तुकडा चुणतो, कोणाचा भोकाळतो. तोही वहीत लावावा. कितव्या ठिपक्यावर बिघडला, ते लिहावे. पुढच्या खेपेला तेच शिकवते.

कोळशाच्या इस्त्रीला ठिपके नसतात. ती आधी चिंधीवर टेकवून पाहा. काम उघड्यावरच करा. पोते पेटवू मात्र कधीच नका. तो धूर छातीला घातक आहे.

६. चुलीजवळचे कापड

आता सर्वांत मोठी गोष्ट. दिव्यापुढे चार धाग्यांचे जे झाले, तेच चुलीपुढे पदराचे होते.

सैल पॉलिएस्टर साडीला ज्योत लागली तर ती वितळून अंगाला चिकटते. जखम खोल होते. सुती साडी चिकटत नाही, पण ती भराभर पेटते. म्हणून सुतीही गाफीलपणे नेसू नये. टेरिकॉटमध्ये दोन्ही दोष येतात. चुलीपुढे, गॅसपुढे, दिवाळीच्या फटाक्यांपुढे सुती, अंगाबरोबर बसणारे कापड घाला. पदर कमरेला खोचा. लहान मुलींना झुळझुळीत फ्रॉक घालून विस्तवाजवळ जाऊ देऊ नका.

कपडा पेटलाच तर धावू नका. धावल्याने वारा लागून आग वाढते. जमिनीवर लोळा. दुसऱ्याने जाड घोंगडी टाकून आग दाबावी. आग विझल्यावर भाजल्या जागेवर २० मिनिटे साधे गार पाणी सोडावे. कातडीला चिकटलेले कापड ओढून काढू नये. शेण, माती, हळद, टूथपेस्ट काही लावू नये. स्वच्छ सुती फडक्याने झाकावे आणि १०८ या क्रमांकावर फोन करून गाडी बोलवावी.

विस्तव कोणाचा वैरी नाही, कोणाचा सोयराही नाही. धागा ओळखून त्याला जवळ केले तर तो टसर मोकळे करतो, पोत्याची पिशवी घडवतो. न ओळखता जवळ केले तर घर उघडे पाडतो.

अभ्यास

१. घरातल्या पाच कपड्यांचे धागे तपासा. नावे वहीत लिहा.
२. रेयॉन रेशमासारखा दिसतो. तो कसा ओळखाल?
३. टसरचा कोश सोड्याच्या पाण्यात का उकळतात?
४. करवतकाठी साडीत कोणते दोन धागे असतात?
५. कपड्याने पेट घेतला तर काय करावे? काय करू नये? शेजारच्या घरी हा भाग वाचून दाखवा.