आधी तोल, मग मोटर

सोनू, ती मोठी मोटर अजून मागवू नकोस. "ताई, सर्व्हो टॅबलेट उचलतच नाही, आता सगळ्यात दणकट घेते," म्हणालीस ना, तुझी घाई कळते गं मला. रोबो आजीच्या खाटेपर्यंत नीट पोचतो, मामाचा व्हिडिओ कॉल लागतो, आणि आजीला दिसतो फक्त त्याचा कपाळाचा भाग. पण मोटरीला टॅबलेट उचलायला लावायचाच नाही. तिने तो नुसता वळवायचा.

हिशोब कर बघू माझ्याबरोबर. दहा इंची टॅबलेट चौकटीसकट ६०० ग्रॅम धरू. तू पाठवलेल्या फोटोत तो खालच्या कडेवर झुकतोय, म्हणजे वजनाचा मध्य आसापासून साधारण ८.५ सेंटिमीटर दूर. टॅबलेट पार झोपला तर ०.६ गुणिले ८.५, पाच किलो-सेंटिमीटरच्या वर टॉर्क. तुझ्या निळ्या एसजी९० सर्व्होची ताकद दोनच्याही आत, आणि तीसुद्धा अडून बसल्यावरची. रोजच्या कामाला त्यातला तिसरा हिस्सा धरावा. मोठा एमजी९९६आर सर्व्हो दहाच्या आसपास जातो, तो उचलेल. पण अशी मोटर स्क्रीन धरून ठेवतानाही सारखी कण्हत राहते, तापते, आणि बॅटरी उतरली की टॅबलेट धाडकन पुढे पडतो. समोर आजीचे गुडघे असतात, विसरू नकोस.

आता आस वर आण. टॅबलेट चौकटीत बसव, कव्हर आणि चार्जिंगची वायरही लाव, कारण त्यांचंही वजन असतं. मग तो पेन्सिलीवर आडवा ठेव आणि जिथे तो दोन्हीकडे कलायचा थांबतो तिथे खूण कर. दोन बाजूंचे बोल्ट त्या रेषेवर यायला हवेत. जाडीच्या दिशेनेही बघ, चौकट मागे जड असेल तर आस तेवढा मागे सरकतो. ब्रॅकेटला गोल भोकाऐवजी लांबट खाच ठेव, म्हणजे बोल्ट थोडा वरखाली करता येईल. आस मध्यापासून एक सेंटिमीटर चुकला तरी टॉर्क जास्तीत जास्त ०.६. कुठे पाच आणि कुठे हा! तोल जमला की मोटर जोडण्याआधीच कळतं: हाताने कुठल्याही कोनात सोडलास तरी टॅबलेट तिथेच राहतो. हे जमेपर्यंत पुढे जाऊच नकोस, मग रविवार गेला तरी चालेल.

डावी-उजवीकडे फिरवणाऱ्या सर्व्होचं दुखणं वेगळं. त्याच्या दांड्यावर सगळा डोलारा उभा करू नकोस, आतला गिअर आणि बुशिंग असा बाजूने येणारा भार सोसायला केलेले नसतात. खाली फिरत्या टेबलाची बेअरिंगची चकती घाल. वजन चकतीवर, फिरवणं तेवढं सर्व्होवर. यूएसबीची वायर मधल्या भोकातून वर काढ आणि दोन्ही टोकांपर्यंत फिरूनही ती ताणली जाणार नाही एवढी ढिली सोड.

वीज आर्डुइनोच्या पाच व्होल्टच्या पिनवरून घेऊ नकोस. एमजी९९६आर अडला की अडीच अँपिअरपर्यंत ओढतो, मग बोर्ड मध्येच रिसेट होतो आणि तू बिचारी कोडमध्ये चूक शोधत बसतेस. सर्व्होला वेगळा सप्लाय दे, ग्राउंड मात्र दोघांचा एकच.

आणि वेग, सोनू. सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी सिग्नल जातो. ९० अंश एकदम लिहिलेस तर तो झटक्यात तिकडे जातो, आणि उंच दांड्यावरचा टॅबलेट सगळ्या रोबोला हलवतो. दर सिग्नलला एकच अंश वाढव, पावणेदोन-दोन सेकंदांत वळण पूर्ण होतं. सुरुवातीला आणि शेवटी पाऊल अजून लहान कर. साधा सर्व्हो आपण कुठे आहोत ते बोर्डाला सांगत नाही, म्हणून बंद करताना स्क्रीन सरळ समोर आणून ठेव आणि कोडही तिथूनच सुरू कर. नाहीतर चालू करताक्षणी मान झटकेल.

वर-खाली फार लांब जायचीही गरज नाही. २०१० साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या किनेक्ट कॅमेऱ्यातही झुकवायची मोटर होती, ती दोन्हीकडे २७ अंशच जायची, तेवढ्यात उभा माणूसही मावे आणि सोफ्यावर बसलेलाही. तूही तीसच्या आत थांब आणि कोडवर भरवसा न ठेवता ब्रॅकेटवर अडवणारा बोल्ट लाव.

शेवटचा वेग तुझ्या टेबलावर ठरवू नकोस. आजीला खाटेवर बसव, चष्मा लावायला सांग आणि स्क्रीन तिच्याकडे वळव. ती मागे सरकली तर अजून हळू कर. तोल जमला की आसाचं अंतर मला कळव, मोटर कुठली ते मग दोघी मिळून ठरवू. मला वाटतं, छोटीच पुरेल.