दगडाला त्याचाच प्रश्न विचार

पोरी, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळावर लिहायला घेतलंयस म्हणालीस, तेव्हा मला आधी आपलं राधानगरीचं धरण आठवलं. फेजिवड्यात कुणालाही विचार, धरण कुणी बांधलं? शाहू महाराजांनी, असंच उत्तर येईल, आणि ते खरं आहे. पण काम १९०८ च्या सुमाराला सुरू झालं, मध्ये थांबलं, १९२२ ला महाराज गेले आणि धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. मग धरण कोणत्या सालचं म्हणायचं? ज्याची कागदपत्रं आहेत, ज्याचं काम पाहिलेली माणसं आपण पाहिली, त्याची ही कथा. देवळात तर शतकानुशतकं बांधणं, पडणं, जोडणं चाललेलं असतं. म्हणून "देऊळ कधीचं" असा एकच प्रश्न घेऊन जाऊ नकोस. गाभारा कधीचा, मंडप कधीचा, मूर्ती कधी बसली, शिखर कधी चढलं, हे सगळे वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची साधनंही वेगळी आहेत.

मला शिकवणाऱ्या मास्तरांनी एक गोष्ट सांगितली होती, ती तुला देतो. साधन खरं की खोटं हे मागाहून बघ. त्याआधी बघ, की त्याला नेमकं काय ठाऊक असणं शक्य होतं.

हे मी ठेच लागून शिकलो. तरुणपणी एका जत्रेच्या स्मरणिकेत मी छातीठोक लिहिलं, की राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाने प्रजेवरचं संकट टळावं म्हणून कोल्हापूरच्या महालक्ष्मीला आपलं बोट कापून वाहिलं, आणि तसं ताम्रपटात कोरलेलं आहे. एका म्हाताऱ्या वाचकाने पोस्टकार्ड टाकलं: त्यात कोल्हापूर कुठे आहे ते दाखवा. मी शोधायला बसलो. संजाणचा तो ताम्रपट, शके ७९३, म्हणजे इसवी सन ८७१ चा. बोट वाहिल्याचं त्यात आहे, महालक्ष्मीही आहे. कोल्हापूर नाही. ती देवी करवीरची, म्हणजे कोल्हापूरची, हे अभ्यासकांनी बांधलेलं अनुमान. अनुमान चांगलं आहे, मलाही पटतं, पण कोरलेलं वेगळं आणि जुळवलेलं वेगळं. त्या दिवसापासून मी वहीच्या पानावर उभी रेघ मारतो. डावीकडे साधनात जे आहे ते, उजवीकडे लोकांनी त्यावरून जे काढलं ते. तूही मार. निम्मे वाद उजव्या बाजूला सापडतील.

आता तुझ्या विषयातला मोठा वाद, देवी लक्ष्मी की अंबाबाई. त्यात उडी घेण्याआधी दोन्हीकडची माणसं "महालक्ष्मी" म्हणताना काय म्हणतात ते ऐक. एकाच्या मनात विष्णूची पत्नी असते. दुसऱ्याच्या मनात सप्तशतीच्या प्राधानिक रहस्यातली आदिशक्ती असते, जिच्या हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र आहे आणि मस्तकावर नाग व लिंग. आपल्या मूर्तीचं रूप या वर्णनाशी जुळतं. त्यावरून मूर्ती कोणत्या परंपरेतून घडली ते बोलता येतं, मात्र ती कोणत्या शतकात घडली ते या श्लोकांतून निघत नाही. करवीर माहात्म्याचंही तसंच. भक्तांच्या मनातलं क्षेत्र कसं होतं, कोणती तीर्थं होती, हे त्यातून कळेल. भिंतीचं साल त्याला विचारलंस तर तू त्या ग्रंथावर अन्याय करशील.

देऊळ मुळात पद्मावतीचं, म्हणजे जैन वसदी होतं, हा दावाही तुझ्या कानावर येईल. तो ऐकताना रागावू नकोस, आणि लगेच मानही डोलावू नकोस. कोल्हापूरचे शिलाहार आपल्या लेखांत महालक्ष्मीच्या वराने कृपा लाभलेले, असं बिरुद मिरवतात. त्याच घराण्यातल्या विजयादित्याने जैन मंदिराला दिलेल्या दानाचा शके १०७३ चा लेख कागलजवळच्या बामणीत मिळाला. त्याच्या आधीच्या गंडरादित्याने गंडसमुद्र नावाचा तलाव बांधून काठावर ईश्वर, बुद्ध आणि अर्हत या तिघांची स्थापना केल्याचं ताम्रपट सांगतो. म्हणजे दान कुणाला दिलं एवढ्यावरून राजाचा धर्म ठरवायचा, आणि राजाच्या धर्मावरून देऊळ कुणाचं ते ठरवायचं, ही दोन्ही पावलं निसरडी. शिवाय दगड गावभर फिरतात. आज भिंतीत बसलेला लेख मुळात कुठला, हे आधी विचार.

तारखेची परीक्षा घ्यायला शीक, ती फार उपयोगी पडते. मूर्तीची पुन्हा प्रतिष्ठापना २६ सप्टेंबर १७१५ ला, विजयादशमीला, सोमवारी झाली असं सांगतात. मोबाईलवर ती तारीख काढशील तर गुरुवार दिसेल, आणि कुणीतरी लगेच म्हणेल, सगळं रचलेलं आहे. थांब. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी दिनगणना चालवली, आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून त्या काळच्या तारखा बहुधा तिच्यातच येतात. अकरा दिवस मिळव, ७ ऑक्टोबर येतो. वार सोमवार, आणि तिथीचं गणित केलं तर आश्विन शुद्ध दशमी. तिन्ही बसतात. ही प्रतिष्ठापना ज्यांच्या कारकिर्दीतली म्हणतात ते दुसरे संभाजीराजे कोल्हापूरच्या गादीवर १७१४ ला आले, तेही जुळतं. तिथी-वार जुळला म्हणून घटना सिद्ध होत नाही, बनावट कागद करणारालाही पंचांग वाचता येतं. पण न जुळला तर कान टवकार. फ्लीटसारख्या अभ्यासकाने बनावट ताम्रपटांची लांबलचक यादीच केली होती.

"हेमाडपंती" हा शब्द शक्यतो लिहूच नकोस. हेमाद्री तेराव्या शतकातला, यादवांचा. अंबरनाथच्या देवळावरचा लेख शके ९८२ चा, म्हणजे त्याच्या दोनशे वर्षं आधीचा, तरी लोक त्याला हेमाडपंती म्हणतात. आणि मोडलेली मूर्ती दिसली की मोडणाऱ्याचं नाव घाईने घालू नकोस. खिद्रापूरला कोपेश्वराच्या पायाशी हत्ती जागोजाग भंगलेले आहेत, पण कृष्णाही तिथून हाकेच्या अंतरावर आहे, पुराचा मारही असू शकतो. त्या काळचा कागद मिळाला तर नाव जरूर लिही, निर्भयपणे लिही. नाही मिळाला तर भंगलेलं आहे एवढंच लिही, आणि गावात काय सांगतात ते "गावात सांगतात" म्हणून लिही.

गुरवाचं, पुजाऱ्याचं, वाजंत्र्याचं सांगणं टाकू नकोस. पूजेची पाळी, मान, वाट, कोणत्या दिवशी पालखी कुठे टेकते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. पण उत्पन्नाचा, हक्काचा तंटा चालू असेल तर त्यातला कागद कुणी, कुणाविरुद्ध, कधी दिला ते शेजारी लिहून ठेव. हक्कासाठी दिलेली कैफियत खोटीच असते असं नाही. ती एका बाजूची असते.

कुंदनगारांचं १९३९ चं लेखांचं पुस्तक आणि मिराशींचा शिलाहार लेखांचा खंड, दोन्ही आधी वाच. मग प्रत्यक्ष दगडापाशी जा. परवानगी घे, सकाळी लवकर जा, ऊन तिरपं पडतं तेव्हा अक्षरं उठून दिसतात. खडू, तेल, पीठ काही फासू नकोस, बाजूने बॅटरी धर. वाचता न आलेलं अक्षर कंसात आपल्या मनाने भरू नकोस, तिथे टिंबं ठेव. मी तशी टिंबं ठेवलेली एक वही कपाटात आहे, चाळीस वर्षांची. त्यातली तीन ठिकाणं अजून कुणी वाचून दिलेली नाहीत. येताना ती घेऊन जा.