काचेपलीकडून पाहिलेली झोप

स्लीप लॅबमध्ये रात्रपाळी करणाऱ्याचं काम असं, की समोरच्यानं झोपायचं आणि आपण जागं राहून पडद्यावर त्याची झोप वाचायची. डोक्याला, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीला तारा चिकटवलेल्या असतात. या कामातून जे कळलं ते असं.

१. ‘रात्रभर डोळ्याला डोळा नाही’ म्हणणाऱ्याशी वाद घालू नये. पडद्यावर तासन् तास झोप दिसते, पण हलक्या झोपेतून उठलेल्या माणसाला आपण जागेच होतो असं मनापासून वाटतं.

२. झोपेचे सगळे तास सारखे नसतात. हलकी, गाढ आणि मग स्वप्नांची, असं साधारण ९० मिनिटांचं एक आवर्तन. रात्रीत चार-पाच होतात. गाढ झोप बरीचशी पहिल्या आवर्तनांतच उरकते. स्वप्नांची झोप, म्हणजे ‘रेम’, पहाटेकडे लांबत जाते. त्यामुळे परीक्षेच्या दिवसांत पोराला चारला उठवणारी आई त्याचे दोनच तास घेते, पण ते नेमके रेमचे असतात. अशा आयांना मी हे सांगून पाहिलंय. चारचा गजर काही हलत नाही!

३. पहाटेचं स्वप्न खरं होतं म्हणतात. खरं होतं की नाही ते सोडा, आठवतं मात्र नक्की, कारण जाग बहुधा त्या स्वप्नातूनच येते.

४. यंत्र विचित्र काही दाखवू लागलं, तर लगेच यंत्राला दोष देऊ नये. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्कीनं आपल्या आठ वर्षांच्या मुलाला तारा लावल्या, तर झोपलेल्या पोराचे डोळे जागेपणीसारखे भरभर फिरताना दिसले. आधी त्यालाही यंत्रच बिघडलंय असं वाटलं. नंतर नॅथॅनियल क्लाइटमनसोबत त्यानं ते १९५३ साली प्रसिद्ध केलं, आणि रेम झोप जगाला कळली.

५. घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे. घोरता घोरता श्वास अडकत असेल, तर मेंदू पुन्हा पुन्हा दचकून जागा होतो. रेममध्ये स्नायू सैल पडतात, तेव्हा हे बहुधा वाढतं.

६. शरीर सैल पडतं म्हणूनच स्वप्नात धावलो तरी आपण अंथरुणातच राहतो. उतारवयात काहींचा हा लगाम सुटतो. झोपेतच लाथा-बुक्के, आरडाओरडा सुरू होतो. घरात हसण्यावारी नेतात. पण पार्किन्सनची ही कित्येक वर्षं आधीची खूण असू शकते. घरातलं कुणी असं करत असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा दाखवाच.