पगारावरचे कर्ज : फेडता येत नसेल तेव्हा

आपल्या समाजात नोकरदारांची संख्या वाढली, मुलेमुली पदवीधर झाली, ही समाधानाची बाब आहे. परंतु नोकरीच्या मागोमाग एक दुखणेही घरात शिरले आहे आणि त्याविषयी सभेत किंवा घरातसुद्धा सहसा कोणी बोलत नाही. ते दुखणे म्हणजे पुढच्या पगाराच्या भरवशावर घेतलेले थोड्या मुदतीचे कर्ज. कोणी ते वस्तीतल्या सावकाराकडून घेतो, कोणी मोबाईलवरच्या ॲपमधून. घेताना पाच-दहा हजारांचे असते, म्हणून त्याला कोणी कर्ज म्हणतच नाही. 'उचल' म्हणतात.

आम्ही बँकेत कारकुनी करतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात काउंटरवर आणि बाहेरच्या एटीएमवर जे दिसते ते सांगतो. पुष्कळदा कार्ड घेऊन रांगेत उभा असलेला माणूस खातेदार नसतोच. तो सावकाराचा माणूस असतो. पासबुक, एटीएम कार्ड, त्याचा पिन आणि दोन-चार कोऱ्या चेकवरच्या सह्या, एवढे त्याच्या ताब्यात असते. पगार जमा झाल्याबरोबर तो आपले पैसे काढतो आणि उरलेले खातेदाराच्या हातावर ठेवतो. पाच तारखेला पगार होतो आणि सहा तारखेला त्याच माणसाला त्याच सावकाराकडे पुन्हा हात पसरावा लागतो.

हा प्रकार नवा नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली नागपुरात सुरू झाली आणि आपल्या अनेक घरांतील आजोबा-पणजोबांना प्रथमच महिन्याचा रोख पगार मिळू लागला. रोख पगार आला तसा त्याच्यावर डोळा ठेवणाराही आला. देशातील कामगारांच्या स्थितीच्या चौकशीसाठी १९२९ साली व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. आपले ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने अंदाज दिला की बहुतेक औद्योगिक शहरांत किमान दोन तृतीयांश कुटुंबे कर्जात आहेत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. रुपयाला महिन्याला एक आणा हा सर्रास चालणारा दर, म्हणजे वर्षाला ७५ टक्के. पगाराच्या दिवशी कारखान्याच्या दारात वसुलीसाठी टपून राहणे हा गुन्हा ठरवावा, अशी शिफारसही आयोगाने केली होती. आमच्या मध्यप्रांतात १९३४ साली सावकारांसंबंधी आणि १९३७ साली ऋणकोंच्या संरक्षणासाठी कायदे झाले. मिल २००२ साली बंद झाली. दारातला माणूस मात्र आता एटीएमच्या दारात उभा आहे.

आता हिशेब पाहू. विद्यार्थी मित्रांनी तो कागदावर करून घरी दाखवावा. दहा टक्के महिना या दराने पाच हजार घेतले तर महिन्याला पाचशे रुपये व्याज. दरमहा फक्त पाचशे देत राहिल्यास दहा महिन्यांत पाच हजार दिले जातात आणि पाच हजारांचे देणे जसेच्या तसे राहते. ॲपवाल्यांचा प्रकार थोडा निराळा आहे. दहा हजारांचे कर्ज, पण आधीच 'प्रोसेसिंग फी' कापून हातात नऊ हजार, आणि तीस दिवसांनी दहा हजार परत. हजारच रुपये गेले असे वाटते. परंतु नऊ हजारांवर महिन्याला हजार म्हणजे वर्षाच्या हिशेबाने सुमारे १३५ टक्के होतात. बँकेचे वैयक्तिक कर्ज महाग म्हणून नाक मुरडणारा माणूस हे मात्र बिनतक्रार देतो.

खरी अडचण व्याजापेक्षाही मुदतीत आहे. ज्याला या महिन्यात पाच हजार कमी पडले त्याला पुढच्या महिन्यात पाच हजार पाचशे जास्तीचे कोठून मिळणार? तेव्हा तो दुसरे कर्ज काढून पहिले फेडतो. अंगुत्तर निकायातील इणसुत्तात ही साखळी क्रमाने सांगितली आहे : दारिद्र्यामुळे ऋण, ऋणामुळे व्याज, मग तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन. अडीच हजार वर्षांत त्या क्रमात काहीही बदल झालेला नाही.

म्हणून जो आज फेडू शकत नाही त्याने पहिली गोष्ट ही करावी की फेडण्यासाठी नवे कर्ज काढू नये. त्या दिवशी अपमान होईल, फोन येतील, दारात बोलणी बसतील. तरीही काढू नये. दुसरी गोष्ट, एटीएम कार्ड दुसऱ्याच्या हातात असेल तर ते बँकेत सांगून बंद करावे व नवे घ्यावे. खाते आपले आहे, कार्ड आपले आहे. त्यासाठी सावकाराची परवानगी लागत नाही. कार्ड बंद केल्याने देणे बुडत नाही, फक्त आपला पगार आपल्या हातात येतो.

पगार हातात आला की त्यातून आधी काय काढायचे? येथे आपले लोक घाबरून चुकीचे करतात. जो जास्त ओरडतो त्याला आधी देतात आणि घरभाडे, किराणा, शाळेची फी, दवाखाना मागे राहतो. कायद्याचा दृष्टिकोन अगदी उलट आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे, पोटगी सोडून इतर देण्याच्या हुकूमनाम्यासाठी पगार जप्त करायचा झाला तरी पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग न्यायालयालाही हात लावता येत नाही. १६,००० पगार असेल तर ११,००० सुरक्षित आणि जास्तीत जास्त ५,००० जप्त होऊ शकतात. मजूर आणि घरकाम करणाऱ्या बायांची मजुरी तर पूर्णच वगळलेली आहे. न्यायाधीशाला जे घेता येत नाही ते आपण सावकाराच्या माणसाला एटीएमच्या दारात मोजून देतो, याचा विचार व्हावा.

तुरुंगाची भीतीही फार घातली जाते. कर्ज फेडता न येणे हा स्वतः गुन्हा नाही. जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ऐपतच नसलेल्या प्रामाणिक ऋणकोला देण्यापायी तुरुंगात टाकणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ शी विसंगत आहे. पण एक सावधगिरी. चेक न वटल्यास पराक्रम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार होऊ शकते, आणि खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टीम्स कायद्याखालीही तशीच तरतूद आहे. अशी नोटीस आली तर ती उशीखाली ठेवू नये. नोटीस मिळाल्यापासून पैसे देण्यासाठी १५ दिवस असतात. तेवढ्यात वकिलाला दाखवावी.

पुढचे काम पत्र लिहिण्याचे. सावकार असो की कंपनी, त्याला लेखी कळवावे : माझा पगार इतका, घरखर्च इतका, मी दरमहा इतकेच देऊ शकतो, पुढचे व्याज व दंड थांबवावा आणि हिशेबाचा उतारा द्यावा. रक्कम खरी लिहावी. दोन हजार झेपत असताना लाजेने चार हजार लिहिणाऱ्याचा हप्ता दुसऱ्याच महिन्यात तुटतो. पत्राची पोच ठेवावी आणि यापुढचा प्रत्येक रुपया खात्यातूनच द्यावा, म्हणजे आमच्यासारख्या कारकुनाकडून त्याचा पुरावा केव्हाही मिळतो.

समोरचा कोण आहे हे मात्र पाहावे लागते. वस्तीतल्या सावकाराला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ लागू होतो. परवान्याशिवाय सावकारी केल्यास त्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परवानाधारकालाही सरकारने ठरविलेलाच दर लावता येतो. शेतकरी नसलेल्यांसाठी २०१४ साली तो तारण कर्जाला वर्षाला १५ टक्के व विनातारण कर्जाला १८ टक्के ठरविला गेला. दहा टक्के महिना कोठे आणि अठरा टक्के वर्षाला कोठे! शिवाय एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. आपल्या जुन्या भाषेत हेच दामदुपट. वरच्या उदाहरणात दहाव्या महिन्यातच ती मर्यादा गाठली गेली. तक्रार सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे करावी लागते.

रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपन्यांना मात्र हा राज्याचा कायदा लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्यांना रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये काढलेल्या आणि मे २०२५ मध्ये एकत्रित केलेल्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार सर्व खर्च धरून वार्षिक दर आधी लेखी सांगावा लागतो, आणि फोनमधील नातेवाइकांचे नंबर व फोटो ॲपला घेता येत नाहीत. वसुली करणाऱ्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नसतो. कंपनीने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला २०२१ च्या सुरुवातीला पाहणीत सुमारे १,१०० कर्ज ॲप आढळली, त्यांतील ६०० बेकायदेशीर होती. असे बेकायदेशीर ॲप फोटो पसरविण्याची धमकी देत असेल तर संदेश पुसू नयेत, ते जपून १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार करावी. आणि घरात सांगावे. या धमक्यांपायी काही तरुणांनी जीव दिला आहे. गुपित उघडे होण्याच्या भीतीवरच तो धंदा चालतो. आईवडिलांना आधीच माहीत असेल तर धमकी देणाऱ्याजवळ काही उरत नाही.

कार्यालयातील पतसंस्थेचे कर्ज काढून सावकाराचे एकरकमी फेडावे काय, असे आम्हाला वारंवार विचारतात. दर कमी आणि मुदत लांब असेल, आणि सावकाराने पूर्ण फेड झाल्याचे लिहून कोरे चेक परत दिले, तर जरूर फेडावे. नाहीतर एकाऐवजी दोन देणी होतात. वेतन संहितेखाली, जी नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, पगारातील एकूण कपात निम्म्याच्या वर जाता येत नाही, हेही पतसंस्थेचा अर्ज भरताना ध्यानात असावे.

वकिलाचा खर्च झेपत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली अनुसूचित जातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना मोफत कायदेशीर मदत मिळते, आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध धर्मांतरितही अनुसूचित जातीत गणले जातात. नागपूरच्या जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तेथून प्रकरण लोकअदालतीत गेल्यास हप्ते ठरवून तडजोड होते. तेथे झालेला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो व त्यावर अपील नाही, म्हणून न झेपणाऱ्या हप्त्यावर सही करू नये. जाताना सहा महिन्यांचा खाते उतारा, पगारपत्रक, शाळेच्या फीच्या पावत्या आणि दिलेल्या चेकचे क्रमांक सोबत न्यावेत. चेकचे क्रमांक आठवत नसतील तर चेकबुक कोणत्या क्रमांकापासून दिले होते ते बँकेत विचारल्यास सांगतात.