रस्त्याकडेचे तृण आणि गाजरगवत

पावसाळ्यात भिक्खू हिरवे तृण तुडवीत फिरतात, या लोकांच्या तक्रारीवरून तथागतांनी वर्षावासाचा नियम घालून दिला, असे विनयपिटक सांगते. मग त्याच दिवसांत श्रमदान म्हणून रस्त्याची कड सरसकट खरडणे उचित आहे काय? शेतीशास्त्रही त्यास अनुकूल नाही. बदनापूरची काळी माती उघडी पडली की पावसाबरोबर नालीत जाते, आणि रिकाम्या जागी प्रथम उगवते ते गाजरगवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळलेले हे तण त्वचेस खाज आणते, दमा बळावते. निवासी शाळेस ही बाब गौण नव्हे. त्याचे एकेक झाड हजारो बिया टाकते. म्हणून फुलोऱ्यापूर्वी, माती ओली असताना, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे. वरवर कापल्यास पुन्हा फुटते. उपटलेले खड्ड्यात कुजवावे. मोकळ्या जागी पावसाच्या तोंडावर तरोट्याचे बी फेकावे. तो दाट वाढून गाजरगवतास दडपतो, शिवाय त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते! हरळी व मारवेल मात्र राखावे. वळणावर समोरचे वाहन दिसावे एवढे आखूड, इतरत्र वीतभर ठेवून विळ्याने कापावे. तो चारा गोठ्यात नेताना निवडून घ्यावा, कारण गाजरगवत पोटात गेल्यास जनावराचे दूध कडवट होते.